सूज कशी उतरते?

(जखम झाली की सूज येते, हे आपण सर्व जण जाणतो. पण आलेली सूज जाते कशी, याचा विचार आपण सहसा करत नाही. प्रस्तुत पाठात शरीर सूज कशी आणते, ती कशी उतरवते आणि काही वेळा ती का उतरत नाही, हे सोप्या शब्दांत सांगितले आहे.)

मुलांनो, आपल्या जालना जिल्ह्यात कापूस वेचणीचे दिवस आले की वेचणाऱ्यांची बोटे एकदा नीट पाहा. कपाशीच्या वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात. दिवसभर ती बोटांना बोचतात. संध्याकाळी बोटांची टोके लाल झालेली दिसतात. शेताच्या बांधावरून अनवाणी चालणाऱ्याला तर बाभळीचा काटा कधी ना कधी बोचतोच.

काटा बोचल्यावर काय होते, ते क्रमाने पाहू. प्रथम तेवढी जागा लाल होते. मग ती हाताला गरम लागते. थोड्या वेळाने तेथे सूज येते आणि जागा ठणकू लागते. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही ती चार लक्षणे होत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने ही चार लक्षणे एकत्र लिहून ठेवली आहेत. इब्न सीना या थोर हकीमांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'अल-कानून' या ग्रंथातही सुजेचा सविस्तर विचार केला आहे. तुम्ही उर्दूत ज्याला 'वरम' म्हणता, ती मराठीतील सूज. आणि या चारही लक्षणांना मिळून मराठीत 'दाह' म्हणतात. उर्दूतील 'सोज़िश' तो हाच.

दाह हा रोग आहे, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे दाह हा शरीराचा पहारेकरी आहे. काट्याबरोबर माती आणि जंतू आत शिरतात. त्यांना अडवण्यासाठी त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. तेथे अधिक रक्त येते, म्हणून जागा लाल आणि गरम होते. रक्तातील पाणी व पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडतात, म्हणून सूज येते. या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत आधी धावून येतात. त्या जंतूंना गिळतात, त्यांच्यावर जळजळीत रसायने सोडतात आणि या लढाईत स्वतःही मरतात. जखमेतून येणारा पू म्हणजे बहुतांशी या मेलेल्या पेशींचाच साठा असतो.

पेशी जंतूंना गिळतात हे माणसाला कसे कळले? त्याची हकीकतही काट्याचीच आहे. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ नावाचे शास्त्रज्ञ इटलीतील सिसिली बेटावर मेसिना या गावी काम करत होते. तेथील समुद्रात तारामासा नावाचा प्राणी असतो. त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. मेचनिकॉफ यांनी अशा पिल्लाच्या अंगात बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडला होता. बाहेरून आलेल्या वस्तूला शरीरातील पेशी घेरतात आणि खाऊन टाकतात, हे त्यांनी ओळखले. या कार्यासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी आपल्या महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा हाफकिन मुंबईला आले आणि त्यांनी प्लेगवरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि पुढे दोन्ही त्रास शमले. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तुम्हीही लस टोचून घेतली तेव्हा दंड दुखला असेल, कदाचित अंगही तापले असेल. तो दाहच होता. एकदोन दिवसांत तो गेलाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दाह येतो कसा हे आपण पाहिले. तो जातो कसा?

फार काळ शास्त्रज्ञांचा समज असा होता, की दाह आपोआप विरून जातो. चुलीतील लाकडे संपली की विस्तव विझतो, तसे. हा समज अपुरा होता. दाह शमविणे हे शरीराचे एक स्वतंत्र काम आहे आणि शरीराला ते मेहनत घेऊन करावे लागते.

एखाद्या गावचा उरूस डोळ्यांसमोर आणा. उरूस संपला की माणसे आपापल्या घरी जातात. पण मैदान आपोआप साफ होते का? दुकानांचे बांबू काढावे लागतात, खड्डे बुजवावे लागतात, कचरा उचलावा लागतो. हे काम कोणी केले नाही, तर महिना गेला तरी मैदान तसेच राहील. शरीरातही असेच आहे.

शरीर हे काम पुढीलप्रमाणे करते. जंतू आटोक्यात आले की नवीन न्यूट्रोफिल बोलावणे थांबते. जे आधी आलेले असतात त्यांचे आयुष्य थोडेच असते. ते तेथेच मरू लागतात. त्यांना उचलण्यासाठी दुसऱ्या, आकाराने मोठ्या पेशी येतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. भक्षक पेशी मेलेल्या न्यूट्रोफिलना गिळून टाकतात. येथे एक नवलाची गोष्ट घडते. मेलेल्या पेशी गिळल्यावर भक्षक पेशींचे वागणेच बदलते. त्या लढाईची रसायने सोडणे कमी करतात आणि जखम भरून आणणारी रसायने सोडू लागतात. साचलेले पाणी लसीका नावाच्या बारीक वाहिन्यांतून निघून जाते. सूज उतरते. मग नवी कातडी धरते आणि खपली गळून पडते.

हा बदल कोण घडवून आणते? तेही आता पुष्कळसे कळले आहे. दाह सुरू करण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करते. ती मेदापासून, म्हणजे चरबीच्या घटकांपासून बनतात. १९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ॲस्पिरिनची गोळी ही रसायने तयार होऊ देत नाही. म्हणून तिने वेदना कमी होतात. १९८२ साली त्यांना आणि स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दोघांपैकी एक होते बेंग्ट सॅम्युअलसन. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चार्ल्स सेरहान या तरुण अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली त्यांच्यासह लिपॉक्सिन नावाची रसायने शोधली. ही रसायने न्यूट्रोफिलना थांबवतात आणि भक्षक पेशींना सफाईसाठी बोलावतात, असे पुढे दिसून आले. नंतर इ.स. २००० च्या सुमारास सेरहान यांनी अमेरिकेत अशीच आणखी काही रसायने शोधली. ती माशांच्या तेलात असणाऱ्या मेदापासून शरीरात बनतात. दाह शमवणारी म्हणून त्यांना रिझॉल्व्हिन हे नाव मिळाले.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. ज्या प्रोस्टाग्लँडिनमुळे दाह सुरू होतो, त्यांच्यापैकीच काही पुढे पेशींना लिपॉक्सिन बनवण्याची सूचना देतात. म्हणजे दाह सुरू होतानाच त्याच्या शेवटाचीही तयारी सुरू झालेली असते. म्हणून साध्या जखमेची सूज काही दिवसांत उतरते.

मग काही वेळा सूज उतरत का नाही?

पुन्हा काट्याकडे या. काटा पायात मोडला आणि त्याचे टोक आत राहिले, तर काय होते? वरची कातडी भरून येते, पण पाऊल टेकवले की कळ येते. भक्षक पेशी त्या टोकाला गिळू पाहतात, पण ते त्यांना पचत नाही. त्या मागे फिरत नाहीत आणि काम पुरेही होत नाही. अखेर त्या काट्याभोवती एकमेकींना चिकटून भिंत उभी करतात. तेथे गाठ होते. सफाईची रसायने आहेत, भक्षक पेशी आहेत, सारे आहे. पण कारण आतच असल्यामुळे दाह संपत नाही. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा दाहाला दीर्घकालीन दाह म्हणतात. यावर हकीम असो, वैद्य असो की डॉक्टर असो, पहिला उपाय एकच सांगेल : काटा काढा. तो काढला की शरीर उरलेले काम स्वतः करते.

काटा काढल्याशिवाय वरून कितीही औषध लावले तरी ते अपुरे पडते. आपल्याकडे जखमेवर हळद लावण्याची रीत फार जुनी आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट देण्यात आले होते. तेव्हा मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हा उपयोग भारतात पूर्वीपासून ठाऊक असल्याचे जुन्या ग्रंथांच्या आधारे सिद्ध केले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. याचा आपल्याला अभिमान वाटतो. तरीही हळद आतला काटा काढू शकत नाही. मातीत झालेली जखम आधी स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस घ्यावी की नाही, हे दवाखान्यात विचारावे.

मुलांनो, पायातला काटा आपल्याला दुखतो, म्हणून आपण तो लगेच काढतो. पण काही काटे असे असतात, की ते माणूस स्वतःच्या हाताने रोज आत घालतो. सुपारी आणि गुटखा हा त्यातला पहिला.

सुपारीचे तुकडे गालात धरून ठेवले की गालाच्या आतील नाजूक त्वचा घासली जाते. तंबाखू आणि चुना यांनी ती भाजते. तेथे दाह सुरू होतो. शरीर तो शमवू लागते, तोच दुसरी पुडी तोंडात येते. मैदान झाडून होत नाही तोच पुन्हा उरूस भरावा, तसे हे होते. सुपारीतील द्रव्ये आणखी एक नुकसान करतात. जखम भरण्यासाठी शरीर जे तंतू तयार करते, ते त्यांच्यामुळे प्रमाणाबाहेर तयार होतात आणि विरघळत नाहीत. त्वचेखाली जणू दोऱ्यांचा पट्टा विणला जातो. सुरुवातीला तिखट खाताना तोंडाची आग होते. मग गाल आतून पांढरट आणि ताठ होतो. हळूहळू तोंड उघडेनासे होते. भाकरीचा घासही आत जात नाही.

या रोगाचे वर्णन १९५३ साली भारतात डॉ. एस. जी. जोशी यांनी प्रसिद्ध केले. तेव्हापासून भारतातील दंतवैद्य या रोगाशी झगडत आहेत. एकदा तयार झालेला तंतूंचा पट्टा पूर्णपणे जात नाही. इतकेच नव्हे, तर अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. नुसत्या सुपारीत धोका नाही, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगास कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकणे गुन्हा आहे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई आहे. पण कायदा दुकानापर्यंत जातो. तोंडात काय घालायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

दुसरा काटा तर दुखतही नाही आणि दिसतही नाही. तो म्हणजे पोटातील जास्तीची चरबी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर पुष्कळ संशोधन केले आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी आपल्या दोघांचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून त्याच्यात चरबी अधिक असू शकते, हे त्यावरून लोकांना समजले. पोटात साचलेल्या अशा चरबीत भक्षक पेशी जमतात आणि मंद दाह चालू राहतो. त्याने ना लाली येते, ना ठणका लागतो. पण वर्षानुवर्षे चालणारा हा मंद दाह मधुमेह आणि हृदयविकार यांना हातभार लावतो. आणि मधुमेह झाला की उलट साध्या जखमाही लवकर भरत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, शरीराला या कामात मदत कशी करावी? पहिली मदत म्हणजे कारण दूर करणे. सुपारी, गुटखा, बिडी यांपासून दूर राहणे. चुलीचा धूर घरात कोंडू न देणे. दात आणि हिरड्या रोज स्वच्छ ठेवणे, कारण सुजलेल्या हिरड्या हाही दीर्घकालीन दाहच आहे. दुसरी मदत म्हणजे पुरेशी झोप आणि रोजचा व्यायाम. तिसरी मदत आहाराची. रिझॉल्व्हिन ज्या मेदापासून बनतात तो मेद माशांत असतो. आपल्या मराठवाड्यात घरोघरी होणाऱ्या जवसाच्या चटणीत त्याच जातीचा मेद असतो; मात्र शरीर त्यातील थोडाच भाग बदलून वापरू शकते. म्हणून जवस हे अन्न आहे, औषध नव्हे, हे विसरू नये. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या आणि आपल्या जिल्ह्यातील मोसंबी हीही आहारात असावीत.

काही दाह शरीराला एकट्याने शमवता येत नाहीत. क्षयरोगाचे जंतू फुप्फुसात शिरले, तर भक्षक पेशी त्यांच्याभोवतीही भिंत बांधतात, पण जंतू भिंतीआड जिवंत राहू शकतात. तेथे डॉक्टरांनी दिलेली औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीच लागतात. सांधे महिनोन् महिने सुजत असतील, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दवाखान्यात जाणे आवश्यक आहे. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून मनाने खात राहू नये. वेदना दबते, कारण मात्र आतच राहते. शिवाय अशा गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते.

पाठ संपवण्यापूर्वी एक सोपी तपासणी करा. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बोटे सहज गेली, तर तोंड नीट उघडते असे समजावे. ही तपासणी घरी अब्बांना, चाचांना, मोठ्या भावालाही करायला सांगा. कोणाची दोनच बोटे जात असतील, तर त्यांना रागावू नका, लाजवू नका. त्यांना जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायला सांगा आणि पुडी आजच बंद करण्याची विनंती करा. त्यांचे शरीर सफाईला तयारच आहे. त्याला फक्त सवड हवी आहे.

शब्दार्थ

दाह – सोज़िश, जळजळ
सूज – वरम
ठणका – टीस, थांबून थांबून येणारी कळ
शमणे – शांत होणे, कमी होणे
भक्षक – खाणारा
मेद – चरबी
तंतू – रेशे, धागे
व्रण – नासूर, न भरलेली जखम
दीर्घकालीन – फार दिवस चालणारा
सवड – फ़ुरसत, मोकळा वेळ

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दाहाची चार लक्षणे कोणती?
(आ) जखमेवर सर्वांत आधी कोणत्या पेशी धावून येतात?
(इ) हाफकिन यांनी लस प्रथम कोणाला टोचली?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मेलेल्या पेशी गिळल्यावर भक्षक पेशींत कोणता बदल होतो?
(आ) काटा आत राहिला तर सूज का उतरत नाही?
(इ) सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू का उघडेनासे होते?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) जखमेची जागा लाल आणि गरम होते.
(आ) वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नयेत.

प्र. ४. जखम, दवाखाना, हकीकत, साबण हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरातील मोठ्या माणसांची तीन बोटांची तपासणी करा. आपण काय पाहिले, ते दहा ओळींत मराठीत लिहा. कोणाचेही नाव लिहू नका.